एकच किरण का काढायचा?

सोलापुरातील एका शिबिरात आम्ही विज्ञान-शिक्षकांना प्रकाशीय तंतूची आकृती काढायला सांगितली. जवळजवळ सर्वांनी एकच आकृती काढली : काचेचा तंतू आणि त्याच्या भिंतींवर आपटत, कोनात वळत जाणारा एक किरण. पूर्ण आंतरिक परावर्तन शिकवायला ही आकृती ठीक आहे. संगणकांच्या जाळ्यातील तंतू समजावायला मात्र ती दिशाभूल करते, असे आमचे मत आहे.

पहिला दोष, किरण एकच आहे. मल्टिमोड तंतूचा गाभा 50 किंवा 62.5 मायक्रोमीटर रुंद असतो आणि त्यात प्रकाशाला शेकडो वाटा मिळतात. सरळ जाणारा प्रकाश आधी पोहोचतो, तिरका मागाहून. गाभ्याचा अपवर्तनांक 1.48 आणि आवरणाचा 1.46 धरला, तर 300 मीटरवर हा फरक सुमारे 20 नॅनोसेकंद येतो. सेकंदाला 10 अब्ज बिट पाठवताना एका बिटच्या वाट्याला येतो 0.1 नॅनोसेकंद. म्हणजे दोनशे बिटांचा काला!

दुसरा दोष, भिंत. ओएम1 ते ओएम5 या प्रकारांत गाभ्याचा अपवर्तनांक मध्यापासून कडेकडे हळूहळू कमी होत जातो. त्यामुळे किरण भिंतीवर न आपटता अलगद वळतो. धावण्याच्या शर्यतीत बाहेरच्या पट्ट्यातल्या मुलाला लांब वाट मिळते. इथे त्याला वेगही जास्त मिळतो, म्हणून सारे जवळजवळ एकदम पोहोचतात. ही जुळणी जितकी नेमकी, तितका पल्ला मोठा. 850 नॅनोमीटरच्या प्रकाशाने वरील वेग ओएम1 मध्ये 33 मीटर, ओएम2 मध्ये 82, ओएम3 मध्ये 300, तर ओएम4 मध्ये 400 मीटरपर्यंत टिकतो. सोलापूर-पुण्यासारख्या अंतरासाठी वाटच एक ठेवावी लागते. त्या सिंगलमोड तंतूचा गाभा जेमतेम 9 मायक्रोमीटरचा असतो.

एका किरणाच्या आकृतीतून यातले काहीच विचारता येत नाही. विद्यार्थी समजतो, तंतू म्हणजे तंतू, कुठलाही चालेल. उद्या शाळेच्या दोन इमारती जोडताना हाच समज महागात पडेल.

आमची सूचना साधी आहे. फळ्यावर दोन किरण काढा आणि विचारा, “आधी कोण पोहोचेल? किती आधी?” उत्तराला दहावीची त्रिकोणमिती पुरते. मग तिसरा, वळत जाणारा किरण मुले स्वतःच मागतील.