पेठांचे पुनरुज्जीवन आणि जेन जेकब्ज यांचा सिद्धान्त : एक चिकित्सा

जेन जेकब्ज यांचा ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते व उंच इमारती उभारणाऱ्या तत्कालीन नगररचनेवर त्यात कठोर टीका आहे. शहराचा भाग जिवंत राहण्यासाठी लेखिकेने चार अटी सांगितल्या : उपयोगांचे मिश्रण, एकमेकींना जोडलेल्या आखूड गल्ल्या, वेगवेगळ्या वयाच्या इमारती आणि दाट लोकवस्ती. खरेदीच्या सवयी बदलत असताना हा सिद्धान्त पुण्याच्या पेठांना कितपत लागू पडतो, याची चिकित्सा येथे केली आहे.

वरवर पाहता पेठा या चारही अटी पूर्ण करतात. १७६३ मध्ये बांधकाम सुरू झालेल्या राममंदिराभोवती तुळशीबागेची बाजारपेठ वाढली. जवळच १८८६ ची महात्मा फुले मंडई आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तके, तांबट आळीत तांब्याची भांडी, बुरूड आळीत बांबूकाम. आणि या सर्वांच्या वर व मागे माणसे राहत आली. तथापि २०११ मध्ये विमाननगरला मोठा मॉल उभा राहिला, २०१३ मध्ये ॲमेझॉनचे भारतीय संकेतस्थळ सुरू झाले, आणि पेठेत येण्याचे एक प्रमुख कारणच दुबळे होऊ लागले.

या प्रश्नावर ग्रंथातील एक भेद महत्त्वाचा ठरतो. निवास व रोजगार हे मूळ उपयोग. दुकाने ही त्यांच्या आधारे वाढणारी दुय्यम विविधता. अशी विविधता पुरेशी वैशिष्ट्यपूर्ण असेल तर ती स्वतःच मूळ उपयोग बनते, हेही जेकब्ज मान्य करतात. कापड व सोन्यासाठी सर्वदूरहून ग्राहक खेचणारा लक्ष्मी रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण होय. मात्र ग्राहकाला घराबाहेर पडायलाच न लावणाऱ्या संकेतस्थळरूपी स्पर्धकाची कल्पना १९६१ च्या ग्रंथात असणे शक्य नव्हते. केवळ खरेदीवर उभी असलेली गजबज अशा स्पर्धकापुढे सर्वांत आधी ढासळते. देवदर्शन, शाळा, कारागिरी आणि निवास यांवर उभी असलेली गजबज टिकण्याची शक्यता अधिक असते.

पुनरुज्जीवनाचे उपाय मात्र बहुधा रस्त्यापुरते राहतात. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला; सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईखाली भुयारी मेट्रो आली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांनी पेठेत पोहोचणे सुकर होते. पेठेत राहणे नव्हे.

जुन्या इमारतींच्या प्रश्नावर हा सिद्धान्त अपुरा पडतो. जुनी इमारत स्वस्त जागा देते, म्हणून लहान उद्योग तिच्यात तग धरतो, असे जेकब्ज यांचे प्रतिपादन आहे. पेठांत ही स्वस्ताई मोठ्या प्रमाणात कायद्याने राखली आहे. २००० साली अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, १९९९, भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांवर मर्यादित केली, आणि बँका व मोठ्या भांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. त्यामुळे लहान दुकानदार वाचला. पण तुटपुंज्या भाड्यात वाड्याची डागडुजी करण्याचे प्रयोजन मालकाला उरले नाही. वाडा मोडकळीस येतो, पुनर्विकास होतो, नव्या गाळ्याचे भाडे कारागिराला पेलत नाही. मेट्रोमुळे जमिनीची किंमत वाढल्यास ही प्रक्रिया अधिक वेगवान होईल. यशस्वी भागात सर्वाधिक नफ्याचा उपयोग इतरांना हुसकावून लावतो, हा जेकब्ज यांचाच इशारा येथे लागू पडतो.

सारांश, जेकब्ज यांचा सिद्धान्त पेठांच्या निदानासाठी आजही उपयुक्त आहे. उपचारासाठी त्याला भाडे, मालकी व दुरुस्ती यांच्या अर्थकारणाची जोड द्यावी लागेल. डागडुजीचा खर्च मालक, भाडेकरू आणि महापालिका यांच्यात कसा वाटला जावा, या प्रश्नाला बगल देऊन केलेले सुशोभीकरण पेठेचा दर्शनी भाग राखील; तिच्यातील माणसे राखणार नाही.