चुकलेला वाटणारा सूर

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी जाझ पियानो शिकतो आहे. घरातला पहिला पदवीधर मी. आमच्याकडे वाद्य म्हणजे हलगी, तीही दुसऱ्यांच्या वरातीत वाजवायची.

वर्षभर थेलोनिअस मंकचा 'ब्लू मंक' (१९५४) घोटतो आहे. बारा बारचा साधा ब्लूज. पण मंक शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि सूर खरचटल्यासारखा येतो. याला वाजवताच येत नाही, असे त्या काळचे अनेक समीक्षक म्हणत. हा शेरा आपल्या ओळखीचा आहे. दलित आत्मकथनांच्या भाषेला 'अशुद्ध' म्हणणाऱ्या पांढरपेशा समीक्षेने तोच मारला.

मात्र हार्लेमची स्ट्राइड पद्धत मंकच्या हातात पक्की होती. त्याचा तो सूर ही निवड आहे. माझा चुकतो, तो निव्वळ चुकतो. वेदना खरी म्हणून कच्ची कविता माफ करणारे आपल्यातही आहेत. मला ते पटत नाही.

१९५१ साली न्यूयॉर्क पोलिसांनी मंकचे परवानापत्र काढून घेतले. १९५७पर्यंत तिथल्या क्लबांत त्याला वाजवता आले नाही. 'ब्लू मंक' याच काळातला.

गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याची कविता मी 'भाषा सुधारा' असे लिहून परत केली होती. ती पुन्हा मागवली आहे. चूक कुठली नि निवड कुठली, हे अजून ठरत नाही.