बळीराजाच्या कवितेत माझी माय कुठं आहे?



मागच्या हिवाळ्यात वाशीम जिल्ह्यातल्या एका कविसंमेलनाला गेलो होतो. पंधरा-सोळा कवी होते. त्यातल्या निम्म्यांनी तरी डंकेल, जिनिव्हा, जागतिक व्यापार संघटना हे शब्द कवितेत आणले. सातासमुद्रापारचा सावकार आला, त्यानं बळीराजाच्या गळ्यात फास टाकला, असा एकूण सूर. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. रात्री घरी येऊन मायला सारं सांगितलं. तिची हयात सोयाबीन सोंगण्यात आणि कापूस वेचण्यात गेली. तिनं एवढंच विचारलं, "त्यात सोंगनारी बाई होती काय रे बापू?"

नव्हती. एकाही कवितेत नव्हती. म्हणून हा लेख.

आधी त्या कवींच्या पदरात त्यांचं माप नीट घालतो. त्यांचा राग खोटा नाही. आर्थर डंकेलचा मसुदा डिसेंबर 1991 चा. करारावर मराकेशला सह्या झाल्या त्या 15 एप्रिल 1994 रोजी, म्हणजे आपल्या अंगावरची जयंतीची नीळ अजून उतरली नव्हती तेव्हा. 1 जानेवारी 1995 ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. शेतीच्या करारात गोम अशी की, जे श्रीमंत देश आधीच शेतीवर भरमसाट अनुदान देत होते त्यांनी ते सहा वर्षांत 20 टक्के कमी करायचं. म्हणजे बाकीचं चालूच. ज्यांनी फारसं दिलंच नव्हतं त्या गरीब देशांना मात्र पिकाच्या किमतीच्या 10 टक्क्यांची वेस. आणि हमीभावातून शेतकऱ्याला किती दिलं हे मोजायचं ते 1986 ते 88 च्या भावाशी ताडून! चोरानंच तराजू आणला, वजनंही त्याचीच.

कापसाचं पाहा. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलनं 2002 मध्ये तक्रार केली, 2005 पर्यंत निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागला. शेवटी 2014 मध्ये अमेरिकेनं ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले कापूसवाले देश 2003 मध्ये कानकूनला हेच गाऱ्हाणं घेऊन गेले होते, त्यांच्या ओंजळीत असं काही पडलं नाही. वऱ्हाडाला तर कोणी विचारलंही नाही. ज्याला भांडायला वकील परवडतो त्याला न्याय. हे आपल्याला कोर्टकचेरीतून पाठ आहे.

इथवर कवी बरोबर आहेत. पुढं त्यांचा पाय घसरतो.

पहिली चूक इतिहासाची. जणू 1995 च्या आधी आमचं वावर जगाच्या बाजारापासून सोवळं होतं! 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड घेतला. 1861 ते 65 च्या अमेरिकेतल्या यादवीनं मँचेस्टरचा कापूस अडला तेव्हा त्यांची नजर याच काळ्या मातीवर होती. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला गाडी इंग्रज कंपनीनं घातली ती कापूस बाहेर न्यायला, आमच्या मायांना माहेरी पोचवायला नव्हे. जोतीरावांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात विलायती यंत्राच्या मालानं बुडालेले इथले कारागीर आहेत. त्यांच्या बळीच्या राज्यात शूद्रांसोबत अतिशूद्रही होता. आजच्या कवीनं बळीराजा घेतला आणि अतिशूद्र वेशीबाहेर ठेवला.

दुसरी चूक, सगळं पाप जिनिव्हाच्या माथी मारणं. करारात भारतानं लिहून दिलेली आयातशुल्काची कमाल मर्यादा सोयातेलाला 45 टक्के, पामतेलाला 300 टक्के. तरी 30 मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं ते दिल्लीनं. त्याच साली 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसात. कुणी जिनिव्हातून हात पिरगाळला नव्हता, गिरणीवाल्यांची मागणी होती. कवी सातासमुद्रापारच्या राक्षसाला शिव्या देतो, कारण त्याला जवळच्याचं नाव घ्यायची भीती वाटते.

आणि सर्वांत जवळचा कोण? वावराचा मालक. इथं कविता मुकी होते.

भाव पडला की मालक म्हणतो, "अवंदा परवडत नाई, गुत्ता कमी घ्या." मग पुढच्या साली निंदणाला बाया सांगण्याऐवजी तणनाशक मारतो, सोंगणीला हार्वेस्टर बोलावतो. त्याचंही कर्ज खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण माझी माय म्हणते, "भाव पडला तं मजुरी पडते. भाव चढला तं मजुरी काहून चढत नाई?" हा प्रश्न शरद जोशींच्या खुल्या बाजाराला आहे, तसाच डंकेलविरोधी मोर्च्यालाही आहे. दोघांनीही भांडण भावाचं केलं, मजुरीचं नाही.

बाबासाहेबांनी हे 1923 मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त मांडलेलं आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला फायदा होतो, पण तो बाहेरून आलेला नसतो. किमती चढतात, मजुरी मागं राहते, आणि मजुराच्या ताटातलंच मालकाच्या ताटात जातं. देशाचा फायदा म्हणून जो सांगितला जातो तो कोणत्या वर्गाचा, हे विचारायला त्यांनी शिकवलं. आपण त्या ग्रंथाला हार घालतो, उघडत नाही.

उघडला असता तर आपल्यालाही अवघड जागी हात घालावा लागला असता. स्वस्त पामतेल सोयाबीनचा भाव पाडतं, हे खरं. पण मायच्या फोडणीत तेच पामतेल असतं. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क वाढलं तेव्हा सोयाबीनवाल्याच्या वतीनं आनंद व्यक्त करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांपैकी कितीजणांनी दुकानातलं तेल किती चढलं हे विचारलं? तिला धान्य-तेल विकत घ्यावं लागतं आणि श्रम विकावे लागतात. दोन्ही बाजारात ती उघडी. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून 2019 पासूनचे वर्षाचे 6000 रुपयेही तिला नाहीत. जागतिक व्यापार संघटनेनं अनुदानाचे हिरवे, निळे, पिवळे डबे केले. तिच्या घामाला कोणताच डबा नाही.

मग करार आपल्यासाठी चांगला की वाईट? मी म्हणतो, वाईट आहे, आणि त्याच्याविरुद्ध लढलंच पाहिजे. पण मालकाच्या मागं झेंडा धरून नाही. हमीभावाच्या मागणीला मजुरीचा हिशेब जोडा. आयातशुल्क मागता तर रेशनवर तेल मागा. आणि दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964-65 ला भूमिहीनांसाठी जी जमीन मागितली, ती मागणी जिनिव्हाच्या निमित्तानं गुंडाळून ठेवू नका.

आपल्या कवींना माझं सांगणं आहे. जागतिकीकरणावर लिहा, पण आधी एक दिवस सोंगणीला जा. सोयाबीनच्या वाळल्या शेंगा हाताला कशा टोचतात, संध्याकाळी गुत्त्याचे पैसे कसे वाटले जातात, कोणाला उद्या या म्हणतात आणि कोणाला नाही, हे बघा. मग जिनिव्हा लिहा. वाशीमच्याच नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला 1995 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात राबणारी मांगाघरची बाई कादंबरीच्या मधोमध उभी आहे. म्हणजे हे जमत नाही असं नाही. त्याच 1995 पासून हा करार चालू आहे. त्याची झळ तिच्या हातापर्यंत कशी पोचते ते लिहायचं काम आपलं आहे.

हा लेख मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लिव्हलं बरं. पन मजुरी वाढन काय?"

उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्या तालुक्यात जमेल तेव्हा बैठक घ्या, बायांना आधी बोलू द्या.

जय भीम.