खाली उतरायला पायरी लागते

खेळावरच्या माहितीपटांचा एक साचा ठरून गेला आहे. सुरुवातीला संघ हरतो, मधे ड्रेसिंग रूममध्ये भांडणं होतात, शेवटी सगळे एक होऊन जिंकतात आणि स्लो मोशनमध्ये चषक वर जातो. नेटफ्लिक्सवरच्या ‘संडरलंड टिल आय डाय’चा पहिला सीझन बघायचा असेल तर हा साचा बाजूला ठेवा. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या या सीझनचे आठ भाग आहेत आणि आठही भागांत एक संघ खाली घसरत जातो. शेवट सांगून टाकला म्हणून रागावू नका. शेवट माहीत असतानाही मी हा सीझन दोनदा पाहिला आणि दुसऱ्या वेळी तो जास्त लागला.

आधी प्रकरण काय ते थोडक्यात. संडरलंड हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं शहर. त्यांचा क्लब २०१६-१७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये शेवटचा आला आणि खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये गेला. इंग्लंडमध्ये हा नियम सगळ्यांना सारखा आहे: तळाचे संघ खाली जातात, खालचे वर येतात. चॅम्पियनशिपमध्ये २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, शेवटचे तीन पुन्हा एक पायरी खाली. संडरलंडने मोसम सुरू केला तो परत वर जायच्या आशेनं. ऑक्टोबरअखेर बोल्टनशी ३-३ बरोबरी झाली आणि त्याच रात्री प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना काढलं. त्यांच्या जागी वेल्सला युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत नेणारे ख्रिस कोलमन आले. डिसेंबरमध्ये फुलहॅमला १-० हरवलं, तो घरच्या मैदानावरचा जवळपास वर्षभरातला पहिला विजय. जानेवारीत सगळ्यात जास्त गोल करणारा लुईस ग्रॅबन निघून गेला. तो उसना आणलेला खेळाडू होता. २१ एप्रिल २०१८ ला बर्टनकडून २-१ हार झाली आणि सगळं संपलं. ४६ सामन्यांत ७ विजय, ३७ गुण, २४ पैकी २४ वा क्रमांक.

एवढी माहिती गुणतालिकेतही मिळते. मग मालिकेत वेगळं काय आहे? पहिल्या भागाची सुरुवात चर्चमध्ये होते. पाद्री प्रार्थना करतोय आणि त्या प्रार्थनेत फुटबॉल क्लबही आहे. तिथून कॅमेरा स्वयंपाकघरात, टॅक्सीत, चाहत्यांच्या घरात जात राहतो. या शहरात जहाजं बांधली जायची. शेवटचे कारखाने १९८८ च्या सुमारास बंद झाले. कोळशाची खाण १९९३ मध्ये बंद झाली. क्लबचं आत्ताचं स्टेडियम त्याच खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये उभं राहिलं आणि बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं मोठं शिल्प आहे. मालिका हे सगळं भाषण देऊन सांगत नाही. ती चाहत्यांना बोलू देते, आणि ऐकता ऐकता लक्षात येतं की या लोकांकडे ‘आपलं’ म्हणायला जे काही उरलंय त्यात हा क्लब सगळ्यात मोठा आहे. म्हणून बर्टनच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल बसतात तेव्हा आपलाही श्वास अडकतो. त्यातला पहिला गोल डॅरेन बेंटचा, जो एकेकाळी संडरलंडचाच लाडका स्ट्रायकर होता. पटकथेत असं लिहिलं असतं तर ‘जरा जास्तच होतंय’ म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

मालिकेची ताकद ही आहे. तिची मोठी उणीवही इथेच सुरू होते.

ही मालिका बनवणाऱ्या संस्थेचं नाव फुलवेल ७३. फुलवेल हे संडरलंडच्या जुन्या मैदानाच्या एका टोकाच्या स्टँडचं नाव, आणि ७३ म्हणजे १९७३, क्लबने एफए कप जिंकला ते वर्ष. थोडक्यात, कॅमेऱ्यामागे चाहतेच आहेत. चाहत्याला हार ही नशिबासारखी दिसते. गोलरक्षक चुकतो, चांगला खेळाडू जखमी होतो, पाऊस पडतो, आणि मालिका हे सगळं एकाच सुरात दाखवते, जणू या शहराच्या कुंडलीतच शनी बसलाय. पण मोठा क्लब लागोपाठ दोन वर्षांत दोन श्रेणी खाली जातो तो नुसत्या नशिबानं नाही. त्यामागे हिशेब असतो. मालक एलिस शॉर्ट यांना आता आणखी पैसा घालायचा नाही, हे मालिकेत वारंवार ऐकू येतं; पण ते स्वतः बोलायला कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. ज्याच्या निर्णयानं सगळं ठरतंय तोच गोष्टीत जवळपास नाही. त्याच्याऐवजी आपल्याला मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन बेन दिसतात, फोनवर, मीटिंगमध्ये, तणावात. माणूस तणावात दिसला की आपण त्याला प्रश्न विचारायचं विसरतो.

जॅक रॉडवेलचं प्रकरण घ्या. २०१४ मध्ये मँचेस्टर सिटीकडून आणलेला हा खेळाडू, पगार दर आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड. क्लब खाली गेला तरी पगार कमी होईल असं कलम त्याच्या करारात नव्हतं. मालिकेत क्लब त्याला करार सोडून जायला सुचवतो, तो नाही म्हणतो, आणि बघणाऱ्याला राग येतो तो रॉडवेलचा. पहिल्यांदा बघताना मलाही आला. पण करारावर सही दोन्हीकडची असते. ते कलम घालायचं काम क्लबचं होतं. कुठल्या नोकरदारानं आपणहून लेखी पगार सोडला असता? मालिका हा प्रश्न विचारत नाही, कारण तिला खलनायक मैदानाच्या आसपास हवा आहे. तो ऑफिसमधल्या फायलीत होता. स्वयंपाकघरातल्या बायका आपली नोकरी राहील का याची काळजी करतात, ती दृश्यं मालिकेतली सगळ्यात खरी आहेत. ती दृश्यं आणि ती फाइल एकमेकांशेजारी ठेवली असती तर मालिका चांगलीच्या पुढे जाऊन मोठी झाली असती.

आता थोडं आमच्याकडे येतो. मी नारायणगावजवळ राहतो. जुन्नर-आंबेगावात फुटबॉलचं मैदान शोधायला गेलात तर आधी कबड्डीचं सापडेल, मग टेनिस बॉल क्रिकेटचं, मग बैलगाड्याचा घाट. पण शनिवार-रविवारी रात्री मोबाइल उघडून प्रीमियर लीग बघणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. लाल जर्सी, निळी जर्सी, आकाशी जर्सी. संडरलंडची मी एकही पाहिली नाही. लांबून संघ निवडायचा तर माणूस जिंकणाराच निवडतो. हरणारा संघ कुणी निवडत नाही, तो वाट्याला येतो, जन्मानं किंवा गावानं. आणि आम्हाला गावानं असा संघ कधी मिळालाच नाही.

‘मिळालाच नाही’ हे मात्र पूर्ण खरं नाही. पुणे, म्हणजे बालेवाडी, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. तिथे एका दशकात चार-चार व्यावसायिक संघ होऊन गेले. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये बंद झाला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम खेळला. त्यानंतर डीएसके शिवाजियन्स, तो २०१७ मध्ये थांबला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. या चारपैकी एकही संघ खाली उतरला नाही. चारही बंद झाले.

यातली गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, पुढे आहे. भारत एफसी आय-लीगमध्ये शेवटचा आला होता, ११ पैकी ११ वा. पण थेट प्रवेश घेतलेल्या नव्या संघांना सुरुवातीच्या काळात खाली पाठवायचं नाही असा नियम होता. म्हणून त्याच्या वरचा संघ खाली गेला. तो होता गोव्याचा डेम्पो, पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. पुढच्या वर्षी तेच पुन्हा. ९ पैकी ९ वा डीएसके शिवाजियन्स, त्यालाही संरक्षण, आणि खाली गेला आठवा आलेला मिझोरामचा आयझॉल. लागोपाठ दोन वर्षं पुण्याचे संघ शेवटचे आले आणि शिक्षा दुसऱ्यांना झाली. आणि इतकं जपूनही ते संघ आज कुठे आहेत?

आयझॉलची गोष्ट इथे संपत नाही. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून माघार घेतली म्हणून आयझॉलला परत जागा मिळाली. त्यांनी प्रशिक्षक नेमले खालिद जमील. जमील २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. कमी पैशात, फारसं कौतुक न होता, दर वर्षी संघाला तळातून वाचवायचं हेच त्यांचं काम. २०१६ मध्ये मुंबईत त्यांची जागा गेली. ३० एप्रिल २०१७ ला आयझॉलनं शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी केली आणि ३७ गुणांसह, मोहन बागानपेक्षा एका गुणानं पुढे राहून आय-लीग जिंकली. त्याच मोसमात मुंबई एफसीनं आधी संतोष कश्यप, मग ऑस्कर ब्रुझोन असे प्रशिक्षक बदलले आणि तरीही दहांत दहावा क्रमांक आला. महाराष्ट्रातला हा संघ खरोखर उतरला, नियमाप्रमाणे, गुणतालिकेप्रमाणे. आणि मग क्लबच संपला. जमील २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, पण मुंबई एफसीच्या त्या शेवटच्या मोसमावर कुणी आठ भागांची मालिका काढली नाही.

इथे मला संडरलंडची मालिका वेगळी दिसायला लागते. पहिल्यांदा बघताना ती पडण्याची गोष्ट वाटते. मुंबई एफसीशेजारी ठेवली की ती एका पायरीची गोष्ट आहे असं लक्षात येतं. संडरलंड तिसऱ्या श्रेणीत गेलं, तर तिथेही सामने होते, टीव्ही होता, विरोधक होते आणि लोक होते. २०१८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९ लोक आले. तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला! क्लबला वर यायला वेळ लागला: २०२२ मध्ये एक पायरी, मे २०२५ मध्ये दुसरी, आणि संडरलंड पुन्हा प्रीमियर लीगमध्ये. मुंबई एफसी जिथे उतरला तिथे पाय टेकायला जागाच नव्हती. ना प्रेक्षक, ना प्रक्षेपण, ना खर्च निघेल एवढा पैसा. खाली उतरायला पायरी लागते. पायरी नसेल तर त्याला उतरणं म्हणत नाहीत.

आमच्या भागात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नारायणगाव तमाशाचं गाव. दसऱ्याला हंगाम सुरू होतो, गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपाऱ्या द्यायला येतात. मोठे फड स्वतःचा तंबू घेऊन तिकिटावर खेळ लावतात. बाकीचे हंगामी, सुपारीवर चालणारे. एखाद्या फडाला तंबू आणि गाड्यांचा खर्च झेपेनासा झाला तर तो राहुटीवर येऊ शकतो. मान कमी होतो, पण ढोलकी वाजत राहते, आणि एखादं बरं वर्ष आलं तर परत तंबू उभा राहू शकतो. टाळेबंदीच्या वर्षांत लोक घाबरले ते यासाठी, की तंबू नाही आणि राहुटीही नाही. वरच्या मजल्यावरून पडणं आणि जिनाच जळून जाणं, यात फरक आहे.

म्हणून ‘आपल्याकडे रेलिगेशन नको, गुंतवणूकदार पळतील’ हा युक्तिवाद मला पटत नाही. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दहा मोसमांत एकही संघ खाली गेला नाही, आणि तरीही एफसी पुणे सिटी गेलाच. भीती काढून टाकली म्हणून कुणी राहिलं नाही. पण उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी: नुसता नियम आणूनही चालणार नाही, मुंबई एफसी त्याचा पुरावा आहे. आधी खालच्या श्रेणीत जगता येईल एवढं काहीतरी असावं लागतं. जिल्ह्याची लीग, तिचं वेळापत्रक, तिथे येणारे पाचशे-हजार लोक. ते काम कंटाळवाणं आहे, त्याचा ट्रेलर निघत नाही.

शेजारच्या तालुक्याचं नाव आंबेगाव आहे, पण ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गाव गेलं तरी नाव राहिलं, कारण ते नाव रोज वापरणारी माणसं राहिली: दाखल्यावर, एसटीच्या पाटीवर, पत्त्यात. संडरलंडचे जहाज कारखाने गेले, खाण गेली, आणि नाव क्लबनं धरून ठेवलं. पुण्याच्या चार क्लबांची नावं आज कोण वापरतं?

मालिका जरूर बघा, ती वेळ वाया घालवत नाही. बघताना मात्र रॉडवेलवर चिडण्याआधी न दिसणाऱ्या मालकाचा विचार करा. आणि पुढच्या वेळी पुण्यात किंवा मुंबईत नवा संघ येईल, जर्सीचा फोटो तुमच्या स्टेटसला झळकेल, तेव्हा कोणता परदेशी खेळाडू आणला हे नंतर विचारा. आधी विचारा: हा संघ हरला तर जाणार कुठे?