अडसर दोन्हीकडे हवा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. अमेरिकेतील लायगोत आरसे स्थिर ठेवणाऱ्या आज्ञावली लिनक्सच्या कर्नेलमध्ये सेकंदाला हजारो वेळा चालतात व सामायिक स्मृतीतून आकडे इतरांना देतात. अशा देवाणघेवाणीतील एक धोका समजावणारा, डेव्हिड हॉवेल्स व पॉल मॅकेनी यांचा ‘मेमरी बॅरिअर्स’ हा दस्तऐवज २००६ पासून कर्नेलसोबत मिळतो.

धोका असा : एक प्रोसेसर आधी आकडे लिहितो, मग ‘तयार’ अशी खूण करतो. दुसऱ्याला मात्र खूण आधी दिसू शकते. तो जुनेच आकडे उचलतो. वेगासाठी कंपायलर व प्रोसेसर दोघेही क्रम बदलतात. लिहिणाऱ्याने मध्ये अडसर घातला तरी भागत नाही. वाचणाऱ्यानेही खूण पाहिल्यावर, आकडे घेण्यापूर्वी तो घालावा लागतो. अडसर जोडीनेच काम करतो, हे ठामपणे सांगणे हे या लेखनाचे मोठे यश.

उणीव मांडणीत आहे. सुरुवातीलाच चार क्रियांचे २४ संभाव्य क्रम समोर येतात. जोडीचे तत्त्व बरेच पुढे. नवखा वाचक तिथवर पोचेलच असे नाही. इंटेलवर दडलेली चूक एआरएमवर उघडी पडते, तेव्हा उशीर झालेला असतो.

‘संगणक लिहिलेल्या क्रमाने आज्ञा पाळतो’ असे आपण वर्गात शिकवतो. त्याला ‘एकाच प्रोसेसरच्या दृष्टीने’ एवढी पुस्ती शिक्षकांनी अवश्य जोडावी.