शुक्रवारची मसूर

सेर्वांतेसचा ‘दोन किहोते’ (आपण ज्याला ‘डॉन क्विक्झोट’ म्हणतो तोच, पहिला भाग १६०५) मराठीत आणण्याची हुक्की मला एकदा आली. पहिले पान उतरवून घरात वाचून दाखवले. ‘तो ला मांचात राहिला. शुक्रवारी मसुरीची आमटी झाली. उत्पन्नाचे तीन चतुर्थांश जेवणावर खर्च झाले.’ पत्नी म्हणाली, “एका शुक्रवारी मसूर केली, त्यात सांगण्यासारखे काय?”

राग आला, पण चूक माझीच होती. स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन तऱ्हांचा. एक घडून संपलेल्याचा, दुसरा घडत असलेल्याचा किंवा वारंवार घडे त्याचा. सेर्वांतेसने दुसरा वापरला होता. मी सरसकट पहिला केला.

हा दुसरा काळ चालवायला सोपा. ‘बिबीर’ म्हणजे राहणे. त्यातला ‘ईर’ काढावा आणि म्हणावे: बिबीआ, बिबीआस, बिबीआ, बिबीआमोस, बिबीआइस, बिबीआन. ‘आब्लार’, म्हणजे बोलणे, याचे आब्लाबा, आब्लाबास असे होते. साऱ्या भाषेत या काळी वाकडी चालणारी क्रियापदे तीनच. मौज अशी की ‘मी’ला आणि ‘तो’ला रूप एकच, आणि ‘ती’लाही तेच! होता-होतीची सवय झालेला मराठी माणूस इथे बिचकतो. वास्तविक आपल्या रीतिभूतकाळाची हीच तऱ्हा आहे: मी राही, तो राही, ती राही. पूर्वी ‘मी’च्या रूपावर टिंब असे, १९६२च्या लेखननियमांनी तेही गेले. आजी दिवाळीत पहाटे उठे, बंब पेटवी, आम्हांला हाका मारी. किती वर्षे, हे कुणी विचारते का?

सेर्वांतेसची सारी खोडी या काळात आहे. तो गृहस्थ राहतो तेव्हा ‘बिबीआ’. त्याचे ठरलेल्या वारांचे जेवण उत्पन्न गिळते तेव्हा ‘कोन्सुमीआन’. काही घडत नाही, तेच ते होत राहते. पुढे पुस्तके वाचून वाचून त्याचा मेंदू सुकतो, तिथे मात्र काळ बदलतो: ‘सेको’, सुकला. एकदाच, कायमचा. माझ्या मसुद्यात मसूर आणि मेंदू एकाच काळात शिजले होते!

रीतिभूतकाळ जुनाट वाटतो म्हणून आजचे भाषांतरकार ‘खात होता’ लिहून मोकळे होतात. त्याने माणूस ताटावर बसलेला दिसतो, त्याचा आठवडा दिसत नाही. तरी ‘ला मांचात एक गृहस्थ राही’ हे मलाही ओवीसारखे वाटले. तिथे ‘राहत असे’ ठेवले. पुढे ‘शुक्रवारी मसूर शिजे, रविवारी एखादे कबुतर जास्तीचे लागे, आणि तीन चतुर्थांश उत्पन्न त्यातच जाई’ असे केले.

पुन्हा वाचून दाखवले. या वेळी मसुरीपाशी पत्नी हसली. कबुतराला मात्र तिने नाक मुरडले.