शिकाऱ्याची लेखणी

ध्रुवप्रदेशातील हिवाळ्याचे वाङ्मय म्हटले की जॅक लंडन यांची 'टु बिल्ड अ फायर' ही कथा प्रथम आठवते. १९०८ मध्ये आजच्या रूपात प्रसिद्ध झालेल्या या कथेत थंडी ही मनुष्याची वैरीण आहे; आणि क्लॉन्डाइकमध्ये एकच हिवाळा काढलेल्या लेखकाला ती तशी दिसावी, हे स्वाभाविकच होय. परंतु ज्याचे पोटच हिवाळ्यावर चालते, त्याला ती कशी दिसते?

योहान तुरी (१८५४–१९३६) यांचा 'मुइतालुस सामिद बिर्रा' हा ग्रंथ या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. तुरी हे स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकाला रेनडियर पाळणाऱ्या सामी समाजातले. पण त्यांचे चित्त कळपापेक्षा लांडग्याच्या मागावर अधिक रमे. १९०४ मध्ये आगगाडीत एमिली डेमांट या डॅनिश चित्रकर्तीशी त्यांची गाठ पडली. पुढे १९०८ मध्ये टोर्नेट्रेस्क सरोवराकाठच्या एका झोपडीत तिच्या सोबतीने लेखन झाले, आणि १९१० मध्ये कोपनहेगन येथे सामी मूळ व तिचा डॅनिश अनुवाद एकत्रच प्रसिद्ध झाले. सामी भाषेतील हा पहिला धर्मेतर ग्रंथ. स्वीडनच्या राज्यकर्त्यांना सामींची खरी स्थिती उमगत नाही, कारण ती नीट समजावून सांगणारा सामी त्यांना भेटत नाही, अशी त्यामागील तळमळ.

तुरींच्या गद्यात बर्फ शोभा म्हणून येत नाही. तो बातमी म्हणून येतो. ताजे, खोल बर्फ पडले की लांडगा त्यात रुतू लागतो आणि लाकडी पट्ट्यांवरून घसरत जाणारा मनुष्य त्याला गाठून काठीने लोळवू शकतो. वरचा थर गोठून कठीण झाला की पळणाऱ्याची सरशी. जमिनीलगतच बर्फाचा पापुद्रा धरला, तर रेनडियरला खुराने उकरून दगडफूल मिळत नाही आणि कळप उपाशी मरतो. या प्रत्येक अवस्थेला सामीत निराळा शब्द आहे. वाक्ये एकीला दुसरी जोडून पुढे सरकतात, मध्येच वळतात, मागे येतात. त्यांना कोणी भाबडे म्हणेल. पण माग काढणारा सरळ रेषेत कधी चालतो?

वाक्यांची चाल तुरींची असली, तरी विखुरलेल्या टिपणांना क्रम लावला तो डेमांटबाईंनी. त्यांच्यावाचून ग्रंथ झालाच नसता, हे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. १९३१ चा इंग्रजी अनुवाद मूळ सामीवरून नव्हे, डॅनिशवरून झाला, आणि त्याच्या शीर्षकात 'लॅपलँड' हे परक्यांनी दिलेले नाव बसले. थेट सामीवरून इंग्रजीत येण्यास थॉमस ड्यूबॉइस यांच्या २०११ च्या अनुवादापर्यंत थांबावे लागले. इंग्रजी वा हिंदीच्या दारातून एकमेकींकडे जाणाऱ्या भारतीय भाषांना हा इतिहास परका वाटू नये.

मराठीत हा ग्रंथ आणू पाहणाऱ्याची खरी परीक्षा शब्दांपाशी आहे. बर्फाच्या थरांसाठी संस्कृत समास घडविण्याचा मोह अनावर होईल, तो टाळावा. ज्या भाषेला झड, रिपरिप, भुरभुर, वळीव यांतला भेद कळतो, तिला साध्या वर्णनानेही बर्फाचे भेद दाखविता येतील. शिकारीसाठी तर परके शब्द शोधावयासच नकोत. फास, सापळा, वाघूर, माग हे पारध्यांचे शब्द मराठीत आहेतच. 'पाशबंध' म्हणताच तुरींचा शिकारी पंडित होऊन बसेल.

आणि एके ठिकाणी अनुवादकाने हात आवरावा. औषधोपचार व मंत्रविद्येसंबंधी लिहिताना तुरी मध्येच थांबतात: हे पुस्तक जगभर फिरणार, विद्वानांना यातले सर्व ऐकणे सोसणार नाही, ते हसतील, म्हणून सारे सांगावयाचे नाही. त्या जागी तळटीप घालून ती उणीव भरून काढण्याची इच्छा अभ्यासकाला होणारच. परंतु तुरींनी ती जागा जाणूनबुजून रिकामी सोडली आहे.